आडनाव कोकणातलं, धर्म यहुदी: बेने इस्रायल समाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आडनाव ‘कर’वर संपतं, घरात मराठी बोलली जाते आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आमच्याकडे शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागतो. एवढं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो, मग प्रश्न सुरू होतात. शाळेत झाले, लोकलच्या डब्यात झाले, ठाण्यात घर घेताना सोसायटीच्या बैठकीत झाले. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा नुसतं कुतूहल असतं, म्हणून उत्तरं द्यायला मला आवडतं. तीच उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

बेने इस्रायल म्हणजे नक्की कोण?

कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शेकडो वर्षं राहिलेला आणि मराठी बोलणारा यहुदी समाज. ‘बेने इस्रायल’ हे हिब्रू शब्द आहेत, अर्थ ‘इस्रायलची लेकरं’. इथला इस्रायल म्हणजे देश नव्हे. तोरा या आमच्या धर्मग्रंथातल्या याकोबाला मिळालेलं ते दुसरं नाव आहे. १९४८ साली इस्रायल हा देश जन्माला आला त्याच्या कितीतरी आधीपासून अलिबागेत ‘इस्रायल आळी’ आहे.

ज्यू म्हणायचं, यहुदी म्हणायचं की इस्रायली?

ज्यू किंवा यहुदी, दोन्ही चालतं. ‘इस्रायली’ म्हणजे त्या देशाचा नागरिक, आणि मी भारतीय नागरिक आहे. मात्र कोकणातली जुनी माणसं आम्हाला सरळ ‘इस्रायल लोक’ म्हणतात. त्यात ओळख आहे, आपुलकी आहे. त्यांना दुरुस्त करायला मी जात नाही.

मग आडनावं अशी मराठी कशी?

गावांवरून. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, चेऊलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आमच्यात आहेत. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो? ते काम करणारे डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज जाणाऱ्या कितीजणांना माहीत असतं की हे डॉक्टर मोझेस आमचे राजपूरकर, आणि १९३७ साली ते मुंबईचे महापौर झाले होते!

पहिली नावंही कोकणाच्या हवेत वाढली. शमुएलचा सामाजी झाला, दावीदचा दाऊदजी, मोशेचा मुसाजी, इसहाकचा इसाजी. जुन्या कबरींवर हीच नावं दिसतात.

तुम्ही इथे आलात कधी? त्याला पुरावा काय?

पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली हकीकत अशी. अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेतं त्यांनी तिथेच पुरली. नवगावच्या किनाऱ्याजवळच्या त्या जागेला आम्ही आजही मान देतो, तिथे आता स्मारकही आहे. जहाज कुठून निघालं होतं आणि कोणत्या शतकात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं मागे जातात, कोणी त्याहून बरेच अलीकडे थांबतात.

२०१६ साली जनुकांवर झालेल्या एका अभ्यासात आमच्या समाजात दोन्ही वंशधारा दिसल्या, पश्चिम आशियातल्या यहुद्यांची आणि इथली भारतीय. हे वाचून काहीजण सुखावले, काहीजण खट्टू झाले. मला विचाराल तर माझ्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. शुक्रवारी दुपारीच तिची चूल आवरलेली असे, तिला तेवढं पुरेसं होतं.

धर्मग्रंथ नाहीत, हिब्रू येत नाही, बाहेरच्या यहुद्यांशी संबंध नाही. मग इतकी शतकं यहुदी राहिलात कसे?

हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न, म्हणून उत्तर थोडं लांब देते.

गलबत फुटलं तेव्हा पोथ्या गेल्या असं मानतात. खरोखरच, अठराव्या शतकापर्यंत आमच्या लोकांना हिब्रू प्रार्थनांमधली फक्त एक ओळ येत होती: ‘शमा यिस्राएल’, म्हणजे ‘ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे.’ सुंतेला तीच, लग्नात तीच, मरणाच्या वेळीही तीच. बाकी जे उरलं ते हाताच्या वळणात होतं. मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची. खवले नसलेला मासा घरात आणायचा नाही. आणि शनिवारी काम बंद.

धंदा तेलाच्या घाण्याचा. आठवड्याचे सहा दिवस बैल फिरायचा आणि शनिवारी घाणा थांबायचा. गावाने ते बघितलं आणि नाव दिलं, ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि आमचे शनिवार तेली. गावगाड्यात प्रत्येकाला काही ना काही वेगळं नाव असायचंच, त्यात हे एक सहज सामावलं. सुट्टीचा वार का पाळतो, याचा खुलासा कोणी मागितला नाही.

पुढे कोचीनहून दावीद रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ कोकणात आला. (त्याचा काळ आमच्या परंपरेत फार मागे नेला जातो, बरेच इतिहासकार तो अठराव्या शतकातला मानतात.) असं सांगतात की त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. खवले आणि पर असलेले मासे त्यांनी वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. त्याची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मशिक्षण दिलं. त्यांना लोक ‘काजी’ म्हणू लागले.

या गोष्टीत परीक्षा बायकांनी दिली, तीही मासे निवडण्याची. आमचा धर्म स्वयंपाकघरात शाबूत राहिला होता, हे ही गोष्ट सांगणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

तुमचे सण कोणते?

जगभरच्या यहुद्यांचेच, पण आमच्या पणजीने त्यांना मराठी नावं दिलेली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण: दारं बंद करून, पांढरे कपडे घालून, पूर्ण दिवस निर्जळी उपास आणि प्रार्थना. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, भेटीगाठींचा आणि दानधर्माचा. पुरीम होळीच्या आसपास येतो म्हणून आमच्या लोकांनी त्याला होळीचाच सण म्हटलं. पेसाहमध्ये आंबवलेलं काही चालत नाही, त्यामुळे आंबट पाण्याचं मडकं आठ दिवस झाकून ठेवायचे. त्यावरून नाव पडलं अनशी ढाकायचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी जेवणात वालाचं बिरडं, म्हणून तो बिरड्याचा सण.

हनुक्काला मात्र असं जुनं मराठी नाव नाही. तो उत्सव आमच्या पूर्वजांना माहीतच नव्हता, पुढे शिकून घेतला. एखाद्या सणाला मराठी नाव आहे की नाही, यावरून तो आमच्याकडे किती जुना, याचा अंदाज येतो.

मलिदा म्हणजे काय?

आमचा स्वतःचा विधी. जगातल्या दुसऱ्या यहुद्यांकडे तो असा आढळत नाही.

पोहे धुऊन निथळत ठेवायचे. त्यात ओल्या नारळाचा चव, साखर किंवा गूळ, वेलची, थोडं जायफळ, काजू-बेदाणे. हलक्या हाताने कालवायचं, पोहा मोडता कामा नये. मोठ्या ताटात मलिद्याचा ढीग करायचा आणि भोवती फळं रचायची: खजूर, केळी, सफरचंदं, मोसंबी, मिळेल ते. सोबत सुवासिक फुलं किंवा पानं. मग एलियाहू हन्नाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला, आळवणारं हिब्रू गीत सगळे मिळून म्हणतात, फळांवरचे आणि सुगंधावरचे आशीर्वाद म्हटले जातात आणि मलिदा वाटला जातो. लग्नाआधी, बारशाला, नव्या घरात, परदेशी जाताना, आजारातून उठल्यावर. नवस फेडायचा तरी मलिदाच.

अलिबागजवळच्या खंडाळे गावात (घाटातलं खंडाळा वेगळं) एक खडक आहे. एलियाहू तिथून स्वर्गात गेला आणि त्याच्या रथाच्या खुणा त्या दगडावर उमटल्या, अशी आमची श्रद्धा आहे. लहानपणी आत्याने मला तिथे नेलं होतं. दगडावरच्या खाचेत तिने माझा हात ठेवला आणि म्हणाली, ‘माग काय मागायचं ते.’ मी सायकल मागितली. मिळाली.

खाण्यापिण्याचे नियम कोकणात कसे जमतात?

कोळंबी, खेकडे, शिंपल्या, मुशी वर्ज्य. किनाऱ्यावर राहून हे सोडणं सोपं नाही, शेजारच्या घरातून वास येतो! पापलेट चालतं, ते आमच्याकडे भरपूर होतं. डुकराचं मांस वर्ज्य. मटण किंवा कोंबडी हज्जानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, नियमाप्रमाणे कापलेली हवी.

मांसासोबत दूध-दही नको, हा नियम कोकणाने सोपा केला. आमच्या रश्श्यात नारळाचं दूध, गोडात नारळाचं दूध. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात तोही नारळाच्या दुधातच, म्हणजे जेवणात मटण असलं तरी हलवा बिनघोर खाता येतो. शब्बाथच्या आशीर्वादासाठी द्राक्षारस लागतो. घरी काळ्या मनुका रात्रभर भिजवून कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या, तो आमचा द्राक्षारस. पावाच्या जागी बऱ्याच घरांत चपाती असते.

सिनेगॉगला जुनी माणसं ‘मशीद’ का म्हणतात?

मूर्ती नसलेलं प्रार्थनेचं घर म्हणून तो शब्द रुळला. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहामीम, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव याच ‘मशिदी’वरून पडलं असं मानलं जातं. जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटला दिवेकरांचं नाव आहे.

पुण्यात मात्र दाविद ससून यांनी बांधलेल्या ओहेल दावीदला सगळं गाव ‘लाल देऊळ’ म्हणतं. मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ, दोन्ही शब्द लोकांनी प्रेमाने दिले आणि आम्ही ठेवून घेतले.

भारतातले सगळे यहुदी एकच का?

नाही. कोचीनचे यहुदी मल्याळम बोलणारे. बगदादी यहुदी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इराक आणि आसपासच्या मुलखातून व्यापारासाठी मुंबई, पुणे, कोलकात्यात आले. ससून कुटुंब त्यांतलंच. भायखळ्याचं मागेन दावीद आणि काळा घोड्याचं निळं केनेसेथ एलियाहू ही त्यांची सिनेगॉगं.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. बगदाद्यांपैकी अनेकांनी आम्हाला पूर्ण यहुदी मानलं नाही. प्रार्थनेत आमच्या माणसांना मोजायचं की नाही, यावर वाद झाले. आणि आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. आमच्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. बाहेरच्या समाजात लग्न केलेल्यांच्या वंशजांना ‘काळे’ म्हणून वेगळं ठेवलं जाई, त्यांच्याशी सोयरीक होत नसे. जात इथल्या हवेत होती आणि ती आमच्या घरांतही शिरली. हा भेद आता मिटला आहे. पण तो होता, हे लिहायलाच हवं.

भारतात त्रास झाला नाही म्हणता, मग इतके लोक इस्रायलला गेले का?

त्रास झाला नाही हे खरंच आहे. यहुदी म्हणून आमच्यावर इथे कधी हल्ले झाले नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईतल्या नरिमन हाऊस या यहुदी केंद्रावर झाला तो हल्ला बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी केला.

पण रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेमकडे तोंड करून उभं राहायचं, पेसाहच्या जेवणाला ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ म्हणायचं, आणि एक दिवस ते खरोखर शक्य झालं. ही ओढ बाहेरच्याला समजावणं कठीण आहे. त्यात ब्रिटिश गेल्यावर रेल्वे, गोदी, पोस्ट, सैन्य इथल्या नोकऱ्यांचं काय होणार, ही धास्ती. आधी एक भाऊ गेला, मागून बहीण, मग आईवडील. चाळीतली चार घरं रिकामी झाली की मुलामुलींची लग्नं जुळेनात, म्हणून पाचवंही घर गेलं.

तिथे स्वागत कसं झालं?

सुरुवातीला बरं नाही. १९५१-५२च्या सुमारास काहीजणांनी काम आणि वागणूक यांवरून धरणं धरलं आणि परत पाठवण्याची मागणी केली. त्यांना भारतात परत आणलंही गेलं. त्यांतले बरेच पुन्हा तिकडे गेले.

खरा घाव पुढचा होता. १९६०च्या सुमारास तिथले काही धर्मगुरू बेने इस्रायलांची लग्नं लावायला नकार देऊ लागले. १९६२ साली आदेश निघाला की लग्नाआधी मुलाच्या किंवा मुलीच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची वंशावळ तपासावी. ज्यांनी पोथीविना शनिवार पाळला त्यांना आता आजीचा दाखला आणायला सांगत होते! १९६४च्या उन्हाळ्यात आमची माणसं, बायकामुलांसह, जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. संसदेत चर्चा झाली, आणि ऑगस्टअखेर धर्मपीठाने आदेशातला आमच्या समाजाचा उल्लेख काढून टाकला.

आज अश्दोद, दिमोना, बेर्शेबा, लोद, रामला इथे आमची माणसं स्थिरावली आहेत. दिमोनाला ‘छोटा भारत’ म्हणतात. तिथे मसाले मिळतात, क्रिकेटही खेळलं जातं.

मराठी टिकली का?

भारतात पूर्णपणे. आमची धर्माची भाषासुद्धा मराठीतून फुलली. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली, पुण्यात १८७४ साली सचित्र निघाली. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८८०पासून आमच्यात कीर्तनं होऊ लागली: योसेफाचं आख्यान, मोशेचं आख्यान, साकी-दिंडीत बांधलेलं, टाळ-पेटीच्या साथीने. हाइम शमुएल किहीमकरांनी १८७५ साली काढलेली इस्रायली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, तिथे कित्येक पिढ्या मराठीतून शिकल्या.

इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. पण तिकडची तिसरी पिढी हिब्रूच बोलते. माझ्या चुलतभावाच्या मुलीला मराठीतलं ‘जेवलीस का?’ कळतं, उत्तर मात्र हिब्रूत येतं. व्हिडिओ कॉलवर ती एकदा म्हणाली, ‘आजी, बिरडं.’ एवढंच. तिच्या आजीने पुढच्या पार्सलात कडवे वाल पाठवले, आणि मोड कसे आणायचे ते फोनवर तिच्या आईला शिकवलं.

आता भारतात किती उरलात? रोजचं कसं चालतं?

२०११च्या जनगणनेत देशभरात साडेचार हजारांच्या थोडे वर, त्यांतले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. इस्रायलमध्ये भारतीय मुळाचे यहुदी ८० हजारांच्या घरात सांगितले जातात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

रोजची अडचण एका आकड्यात मावते: दहा. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमल्याशिवाय सामूहिक प्रार्थनेचे काही भाग म्हणता येत नाहीत, सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, काढून वाचता येत नाही. ठाण्यात हे जमतं. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांत नऊजण घड्याळाकडे बघत बसतात, एकजण मोबाइलवर कोणाला तरी विचारतो, ‘कुठवर पोचलास?’ तेवढ्यात पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. माझे बाबा निवृत्तीनंतर अनेक वर्षं सणासुदीला ठाण्याहून एसटीने जायचे, दहावे होण्यासाठी.

यहुदी नसलेल्याशी लग्न केलं तर?

होतात अशी लग्नं, वाढत आहेत. धर्मशास्त्राप्रमाणे आई यहुदी तर मूल यहुदी. वडील यहुदी आणि आई नसेल तर मुलाला विधिपूर्वक धर्म स्वीकारावा लागतो. मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड आणि इतरांनी एक उदारमतवादी प्रार्थनासंघ काढला, तिथे विचार अधिक मोकळा आहे. माझं मत विचाराल तर इतक्या लहान समाजाने दार लावून घेऊ नये. अनेक घरांत बाहेरून आलेली सूनच आज मलिदा सगळ्यांत नीट करते.

इस्रायलच्या सरकारने केलेल्या गोष्टींबद्दल तुम्हाला काय वाटतं?

तिकडे माझे नातेवाईक आहेत, त्यांच्या जिवाची मला काळजी असते. त्यापलीकडे आमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत. एखाद्या देशाच्या सरकारचा जाब ठाण्यातल्या शेजाऱ्याला विचारू नका, एवढीच विनंती.

सिनेगॉग बघायला येऊ शकतो का?

हो, पण आधी विचारून या आणि ओळखपत्र आणा. २००८नंतर बंदोबस्त कडक आहे. डोकं झाका, शब्बाथला फोटो काढू नका.

आमच्या गावात यहुद्यांची जुनी स्मशानभूमी आहे, आता कोणी येत नाही. काय करावं?

हे विचारलंत याबद्दल मनापासून आभार. रायगडात अशा जागा अनेक आहेत, झुडपांत गेलेल्या. जवळच्या सिनेगॉगला कळवा. कबरीवर गुरं बांधू देऊ नका आणि दगड हलवू नका. घासायला तारेचा ब्रश वापरू नका, नुसतं पाणी आणि मऊ कुंचा पुरतो. बऱ्याच दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी असतं, तेवढ्या मराठीवरूनसुद्धा अश्दोदमधल्या एखाद्या नातवाला आपला खापरपणजोबा सापडू शकतो. फोटो काढायचा तर सकाळी सात-साडेसातला जा. ऊन तिरपं पडतं आणि झिजलेली अक्षरं तेव्हाच वाचता येतात.